सावलीत वाळवलेला पाला

६ मे २०२४
चिंचोळी, ता. अक्कलकोट

अक्का,

तू माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला तीन वर्षं झाली, म्हणून हे अंतर्देशीय. पोस्टात मागितलं तर तिथली बाई माझ्याकडे बघतच राहिली. "काका, कोर्टाचं काम हाय का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याहून अवघड आहे, बार्शीला बहिणीला लिहायचं आहे.

शाळेत बत्तीस वर्षं कारकुनी केली, त्यामुळे विषय लिहिल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. विषय : साठवलेल्या ज्वारीतील किडीबाबत माहिती मिळणेबाबत. आता, ही माहिती मला नको आहे. माझ्या एका मित्राला हवी आहे. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, तू त्याला ओळखत नाहीस.

या मित्राच्या सुनेला मार्चमध्ये मुलगी झाली. आपल्या सुनेला, सोनमलाही त्याच महिन्यात झाली, हा योगायोग. (नाव ठेवायला दाजी एकटेच आले होते. तुझी तब्येत बरी नाही म्हणाले. सांगताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते.) तर हा मित्र तीन वर्षं कणगीत गोळ्या ठेवत होता, कृषी दुकानातल्या, आणि कणगी माजघरात. बाळाला डोस द्यायला नर्सबाई आल्या, त्यांनी गोळ्यांचा डबा बघितला आणि मित्राची बिनपाण्यानं केली. या गोळीच्या वाफेनं किडाच नाही, माणूससुद्धा मरतो, माणसं झोपतात त्या घरात ही ठेवायचीच नसते, म्हणाल्या. मित्राला हे माहीत नव्हतं असं नाही. डब्यावर लिहिलेलं असतं. त्यानं चष्मा लावला नव्हता.

त्याच दिवशी सुनेनं सांगून टाकलं, "मामा, गोळी घरात ऱ्हायली तर मी बाळाला घिऊन माहेरी जाते." गोळ्या गेल्या. आता मळणी होऊन दोन महिने झाले, ज्वारी पोत्यात आहे, आणि पोत्याला कान लावला तर आतून चरचर ऐकू येते.

मित्राच्या घरातल्या बायका पूर्वी कणगीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंड घालायच्या, एवढं त्याला आठवतं. किती, कधी, आधी काय आणि मग काय, हे आठवत नाही, कारण तेव्हा तो बाहेर ओट्यावर बसून शहाणपणाच्या गोष्टी करत असायचा. तेवढं कळव.

धोंडप्पा

ता. क. उत्तर माझ्याच पत्त्यावर पाठव. मित्राच्या घराकडे पोस्टमन फिरकत नाही.


२१ मे २०२४

अक्का,

तुझं कार्ड सतरा तारखेला मिळालं. वर नाव नाही, खाली नाव नाही, मधे तीन ओळी. 'तुझ्या मित्राला सांग, पाला सावलीत आठ दिवस वाळवायचा. हिरवा घालायचा नाही. हिरवा पाला शेळीला घालतात.' मी तीन वेळा वाचलं. नीलम्मानं पाच वेळा वाचलं आणि दर वेळी हसली. तुझ्या भावजयीला माझ्या घरात राहून तुझ्या बाजूनं हसता येतं, हे मी लग्नापासून बघतो आहे.

अडचण अशी की कार्ड सतराला आलं आणि कणगी अकरालाच भरली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. शाळेमागच्या कडुनिंबाच्या दोन फांद्या उतरवल्या. पाला असा हिरवागार की हाताला रस लागत होता. माझा हिशेब सरळ होता : जितका रस तितका कडू आणि जितका कडू तितकी कीड पळणार. एक थर ज्वारी, एक थर पाला, एक थर ज्वारी, असं करत गळ्यापर्यंत भरली, वरून शेणानं लिंपून टाकली आणि सोनमला म्हटलं, बघ, याला म्हणतात जुनं ज्ञान.

परवा माजघरात वास यायला लागला. भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरून राहावं तसा. लिंपण फोडलं आणि कोपरापर्यंत हात घातला, तर आत गरम. पाला काळा पडलेला, ज्वारी ओलसर, दाण्याला दाणा चिकटलेला. आणि किडे मजेत. उलट त्यांना थंडीत शेकोटी मिळाल्यासारखं झालं होतं. बिरदेव मेंढरं घेऊन दारावरून चालला होता, तो आत आला, बघितलं आणि म्हणाला, "धोंडूअण्णा, ही साठवण न्हाय, ही पेंड हाय." कुजलेला पाला त्यानं बकऱ्यांसाठी नेला. त्यांनीसुद्धा खाल्ला नाही.

मित्रबित्र कोणी नाही, अक्का. तुला ते पहिल्या चार ओळींतच कळलं असणार.

आता खरं सांगतो. ही ज्वारी अव्वाची आहे, आपल्या आईची. लग्न होऊन इंडीहून आली तेव्हा तिनं जे बी आणलं होतं तेच, सत्तर वर्षं आपणच पेरतो आणि आपणच ठेवतो. गावात दुसऱ्या कुणाकडे आता ही नाही. सगळे दुकानाची पिशवी आणतात. मागच्या वर्षी तिघांनी मागितली, मी ऐटीत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालो. काल शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात बांधून ठेवले. आज उघडून बघितले तर फक्त तीन-चार हलल्यासारखे दिसले, मग नीलम्मा म्हणाली, अहो, अजून दोन दिवस जाऊ द्या. तेवढाही धीर मला नाही. पेरणीला चार महिने आहेत. तोवर ही जगली नाही, तर अव्वाची ज्वारी माझ्या हातून संपली असं होईल. मला भीती वाटते. हे कुणापुढे बोललेलो नाही.

धोंडप्पा

ता. क. २४ मे. पत्र टाकायचं राहिलं होतं. गोणपाट उघडलं. शंभरातले छप्पन्न उगवले.


८ जून २०२४

अक्का,

तुझी दोन पानं मिळाली. यातही नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, पण दोन पानं आहेत. ज्याला आपल्या सख्ख्या बहिणीकडून तीन वर्षांत तीन ओळी आल्या होत्या, त्याला दोन पानं म्हणजे दिवाळी अंक.

तू सांगितलंस तसंच्या तसं केलं. ज्वारी स्लॅबवर पसरली, तीन दिवस मेचं उरलेलं ऊन खाऊ घातलं. दाणा दाताखाली धरून बघितला. पहिल्या दिवशी नुसता दबला, तिसऱ्या दिवशी कट्‌कन वाजला, तेव्हा उचलली. चाळणीनं चाळली. खाली पडलेले सोंडकिडे कोंबड्यांनी असे टिपले की दोन दिवस त्या दाण्याकडे बघेनात. पाला आठ दिवस सोप्यात सावलीला वाळवला. जाणारा-येणारा विचारायचा, घरात काही कार्य आहे का.

वेखंडासाठी अक्कलकोटला हुसेनसाबच्या दुकानात गेलो. म्हातारा आता गल्ल्यावर बसत नाही, मागे खुर्चीवर बसतो. मी वेखंड म्हटल्याबरोबर मान वर केली आणि तुझी चौकशी केली. "बाई तीन साल आल्या न्हाईत. वेखंड न्यायच्या त्या पाडव्याच्या आदी. आमच्या मालात काय खोट निघाली का?" तीन वर्षं तो मनात धरून बसला होता की चूक त्याची झाली. मी म्हटलं, चाचा, खोट तुमच्या मालात नव्हती. आणि किलोभर जास्तच घेऊन आलो.

चूक कुणाची, ते तुला माहीत आहे. सोनमला माहीत नव्हतं, तिनं परवा विचारलं, आणि मला सांगावं लागलं. आपल्या घरी कणगी भरायची लेकीनं आणि उघडायची सुनेनं, ही अव्वाची रीत. दर पाडव्याला तू बार्शीहून वाळल्या पाल्याचं गाठोडं घेऊन यायचीस. त्या वर्षी मी गोळ्या आणल्या होत्या. तू गाठोडं सोडलंस आणि मी चार माणसांपुढे ते उचलून उकिरड्यावर टाकलं. आणि वर एक वाक्य बोललो. सोनमनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाक्य कुटलं?" ते मी तिला सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

दोन तक्रारी मात्र आहेत. एक, तू लिहितेस 'पायलीला पसाभर पूड'. पसा कुणाचा? तुझा पसा म्हणजे वाटी, माझा म्हणजे घमेलं. मी माझ्या पशानं घातलं आणि घरातली सगळी माणसं दुपारभर शिंकत होती, बिरदेव रस्त्यावरून शिंकला. दुसरी, वेखंड खलबत्त्यात कुटायचं हे तू लिहिलं नव्हतंस. मी मिक्सरमध्ये फिरवलं. दुसऱ्या दिवशी नीलम्मानं त्यातच शेंगाची चटणी केली. भाकरीचा पहिला घास घेतला आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत बसलो. भांडं सात वेळा घासलं तरी वास जात नाही. ती माझ्याशी बोलत नाही. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

पण कणगी भरली आहे. खाली राख, मग पाला, मग पूड लावलेली ज्वारी, वर पुन्हा पाला. दळायच्या आधी पाखडून धुऊन घ्यायची, हेही लक्षात आहे. या वेळी वास असा येतो की तू माजघरात बसली आहेस असं वाटतं.

धोंडप्पा


२२ जून २०२४

अक्का,

परत लागली.

आज वरचा पाला बाजूला करून बघितलं. ओंजळभर दाण्यांत अकरा किडे, जिवंत. सगळं तू सांगितल्याप्रमाणे केलं होतं. काही विसरलो का, म्हणून तुझी पानं घेऊन एकेक ओळ ताडून बघितली. नीलम्मानंही ताडून बघितली. आम्हाला काही सापडत नाही.

सोमेश फोनवर म्हणाला, बाबा, सोडा आता, बाजारातून बी आणू. पोरगा पुण्यात राहतो, त्याला हसून सोडून दिलं. पण रागही आला नाही, एवढा मी थकलो आहे.

कणगी भरणं हे लेकीच्या हाताचं काम. माझ्या हाताला ते येत नाही. तू ये असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क माझ्याकडे राहिलेला नाही. फक्त झालं ते कळवतो आहे.

धोंडप्पा


७ जुलै २०२४

अक्का,

तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं आहे. बाळसुद्धा संध्याकाळी दाराकडे बघतं. नीलम्मा म्हणते बाळाला एवढं कळत नाही. मी म्हणतो, आपल्या घराण्याचं आहे, उशिरा कळेल पण कळेल.

फोन चालू झाला असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. सोनमनं तुझ्या हातातून मोबाइल घेऊन माझा नंबर उघडून दिला, तेव्हा तू 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणून खिडकीबाहेर बघत बसलीस, ते मी पाहिलं. पण फोनवर आपण काय बोलतो? जेवलीस का, जेवलो. पाऊस आहे का, नाही. म्हणून पत्र.

तू एसटीतून उतरलीस ते मी ओट्यावरून बघत होतो. उठून सामोरा आलो नाही. दाजी पिशव्या घेऊन मागे, आणि तू माझ्या समोरून थेट माजघरात. पाणीसुद्धा घेतलं नाहीस. कणगीत हात घातलास, दाणे बघितले, हुंगले. मग कणगीच्या अंगावरून बोटं फिरवलीस, एका भेगेत केसातला आकडा घातलास आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरलास. आकड्याच्या टोकाला दोन सोंडकिडे होते.

"ज्वारीत न्हाय रे धोंडू, कणगीत हाय कीड. ज्वारी वाळवलीस, भांडं तसंच ठेवलंस."

तीन वर्षांत तू मला म्हटलेलं पहिलं वाक्य. मला तर त्यातलं 'धोंडू'च ऐकू आलं. कीड कुठं आहे ते नीलम्मानं नंतर पुन्हा समजावून सांगितलं.

अव्वा दर वर्षी कणगी अंगणात काढून लिंपायची, हे मला कसं आठवलं नाही? गोळ्या आल्यापासून लिंपण बंद झालं. भेगा पडल्या, भेगांत किडे घर करून राहिले, आणि आम्ही वरून पाला घालतो आहोत. तू मात्र दम घेतला नाहीस. सोनमला निंबोळ्या वेचायला पाठवलंस, रात्रभर भिजवल्यास, कुटून फडक्यातून गाळल्यास, आणि त्या पाण्यात शेण-माती कालवून एकेक भेग बुजवलीस. सहासष्टाव्या वर्षी गुडघ्यावर बसून. मी मदतीला आलो तर म्हणालीस, "तू लांब ऱ्हा, तुझा हात लागला की बिघडतंय." बिरदेव, दाजी आणि मी असे तिघं बाप्ये पाच दिवस ज्वारी उन्हात ओढायची आणि ढग आला की आत ओढायची, एवढ्याच कामाला ठेवले होते. दाजींनी मला हळूच सांगितलं की माझं प्रत्येक पत्र तू दोन वेळा वाचायचीस आणि मित्राचं पहिलं पत्र शेजारणीला वाचून दाखवलंस. दाजींना रागावू नकोस.

कणगी भरून वेखंडाची पूड उरली तेव्हा तू चिमूटभर घेऊन न्हाऊ घातलेल्या बाळाच्या अंगाला चोळलीस. आता बाळाला जवळ घेतलं की कणगीचा वास येतो आणि कणगीजवळ गेलं की बाळाचा. सोनम म्हणते, मामा, दोघींनाही जपायचंय.

पाच दिवस तू इथे होतीस. पाचही दिवस मी सकाळी ठरवायचो की आज बोलायचं. चहा पिताना, ज्वारी ओढताना, एसटीच्या थांब्यावर. थांब्यावर तर तोंड उघडलंही होतं, आणि 'खिडकीपाशी बस' एवढंच बाहेर पडलं. पत्रात सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

धोंडप्पा


२६ सप्टेंबर २०२४

अक्का,

पाच दिवसांपूर्वी कणगी उघडली. अव्वाच्या रीतीनं सुनेनंच उघडली. मी बाजूला उभा होतो, हात मागे बांधून, तू सांगून गेली होतीस तसा. सोनमनं लिंपण फोडलं, पाला काढला. पाला अजून हिरवट होता, कुरकुरीत. तिनं आतून खोलवरून ओंजळ भरून आणली आणि माझ्यापुढे धरली. मी चष्मा लावून बघितलं. मग चष्मा पुसून बघितलं. एक किडा नव्हता, अक्का. पीठ नव्हतं, वास नव्हता.

त्यातले शंभर दाणे लगेच मोजून ओल्या गोणपाटात बांधले. या वेळी रोज उघडून बघितलं नाही. काल मोजले, ब्याण्णव उगवले. ज्या तिघांना मी मागच्या वर्षी टोलवलं होतं, त्यांना बोलावून पायली-पायली बी दिलं. आता अव्वाची ज्वारी चार घरांत आहे. एका म्हाताऱ्याच्या हातून बुडायची ती आता नाही.

त्या तिघांबरोबर बिरदेवही आला होता, आणि नीलम्माचे दोघे भाऊ पाहुणे आले होते. पाडव्याला त्या दिवशी हेच लोक होते, हुबळीचा एक पाहुणा तेवढा या वेळी नव्हता. मी म्हटलं, बसा, चहा घ्या, मला काही बोलायचं आहे. नीलम्मा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला वाटलं मी निवडणुकीला उभा राहतो आहे.

मी म्हणालो, "तीन वर्षांमागं हितंच, तुमच्यासमोर, मी अक्काला म्हनलो, तुझं घर बार्शीला हाय, हितली कणगी तुझी न्हाय. ते मी चुकीचं बोललो. तिच्या हातानंच ही कणगी वाचली, पण वाचली नसती तरी ते चुकीचंच हुतं. घर तिचं हाय."

 बिरदेवानं डोक्यावरचा पटका काढला आणि परत बांधला. नीलम्माचा थोरला भाऊ म्हणाला, चहा गार होतोय. सोनमला ते वाक्य कुठलं, ते अखेर कळलं. चार माणसांपुढे बोललो होतो, म्हणून चार माणसांपुढेच परत घ्यायला हवं होतं. तुला एकटीला पत्रात लिहून भागणारं ते नव्हतं, हे कळायला मला तीन वर्षं आणि दोन पोती ज्वारी लागली. माझं चुकलं, अक्का. तुझं गाठोडं उकिरड्यावर टाकलं तेव्हा तू वाकून एकेक पान वेचायला लागली होतीस आणि मग मधेच थांबलीस. ते मला अजून दिसतं.

आता पेरणी. सोमेशनं ट्रॅक्टर सांगितला होता, तो मी नको म्हणून कळवलं. बिरदेवाच्या भावाकडे पेरायची जुनी पाभर आहे, बैल आहेत, ते ठरवले. अव्वा होती तोवर पाभरीच्या चाड्यावर बियाची मूठ तीच धरायची, आणि ती थकल्यावर तू. गेली तीन वर्षं ट्रॅक्टरनं पेरलं, कारण मूठ धरायला कुणाला सांगावं हे मला सुचत नव्हतं. या वेळी चाड्यावर मूठ तुझी. नीलम्मा आणि सोनम मागून चालतील. बाळ बांधावर दाजींकडे.

रान ओलं होतं, आज सकाळी माती मुठीत धरून बघितली, पेरणीजोगा वापसा आला आहे. तो माझ्यासारखा तीन वर्षं अडून बसणारा नाही, चार दिवसांत निघून जाईल. हे पत्र सोनम आजच बार्शीच्या गाडीत ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तू आल्याशिवाय बैल जुंपणार नाही. उद्याच निघ.

तुझा
धोंडू